धुराचे माप

आमचे गाव राजापूर तालुक्यात, खाडीपासून दोन-अडीच मैल आत. होळी होऊन गेली आणि उन्हे तापू लागली, की तिथे भाजावळीचे दिवस येतात. भाताची रोपे ज्या तुकड्यात करायची त्याला आमच्याकडे दाढ म्हणतात. त्या दाढीवर आधी शेण पसरायचे, शेणावर कवळ, म्हणजे हिवाळ्यात झाडांवरून तोडून वाळत टाकलेले टहाळ, कवळीवर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांच्या वर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन एका कडेने पेटवून द्यायचे. हाच राब. तणाचे बी जळते, माती मोकळी होते, राखेचे खत मिळते, आणि मृगाच्या पावसानंतर रोपे अशी तरारून वर येतात की पाहत राहावे. लहानपणी त्या धुराच्या वासाने मला सुट्टी लागल्यासारखे वाटे. आज सत्तरीतही वाटते.

मी जन्मभर मुंबईच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवले. शेती सांभाळली ती माझ्या चुलतभावाने, वसंतदादाने. गेल्या मे महिन्यात मी गावी गेलो, तेव्हा दादा जरा घुश्शातच होता. आदल्या आठवड्यात कोणी एक पाहुणे येऊन देवळात व्याख्यान देऊन गेले होते. राब भाजणारे शेतकरी पृथ्वीची हवा नासवतात, असा त्या व्याख्यानाचा सारांश. दादाने ते ऐकून घेतले, आणि राग काढायला माझी वाट पाहत बसला.

"काय रे," तो म्हणाला, "धुरातले वायू विमानातून मोजतात म्हणे. मग माझ्या दाढीच्या धुराचं माप कोणी घेतलंय? का न मोजताच निकाल?"

तीस वर्षे मुलांना वायूंचे धर्म शिकवूनही मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मी विषय बदलला. मुंबईला परतल्यावर मात चैन पडेना. ग्रंथालयातून पुस्तके आणली, जुन्या शोधनिबंधांच्या प्रती मिळवल्या, आणि पावसाळाभर त्यांत बुडून गेलो. तिथे एक मोठी रंजक हकिकत सापडली. फराळाचे ताट समोर असताना धुराच्या गोष्टी सांगणे जरा विचित्र दिसेल. पण ही हकिकत आपल्या सर्वांच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते, म्हणून सांगतो.

* * *

हकिकतीची सुरुवात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, १९७८ च्या उन्हाळ्यात होते. पॉल क्रुट्झन नावाचा एक शास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी राज्याच्या ईशान्य भागातील गुरांच्या प्रचंड वाड्यांतून कोणते वायू निघतात, याची मोजमापे करून बोल्डर या आपल्या गावी परतत होते. परतताना त्यांना रॉकी पर्वतातील राष्ट्रीय उद्यानात, उंचावर, एक मोठा वणवा लागलेला दिसला. दुसरा कोणी असता तर क्षणभर थांबून, हळहळून पुढे गेला असता. या मंडळींजवळ हवेचे नमुने घेण्याचे साहित्य होते. त्यांनी त्या धुराचे नमुने गोळा केले आणि प्रयोगशाळेत नेऊन तपासले.

क्रुट्झन हा मूळचा हॉलंडचा. जन्म १९३३ साली ॲम्स्टरडॅममध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात त्या देशात अन्न नव्हते आणि जळणही नव्हते. त्याच्या शाळेतली काही मुले भुकेने आणि रोगाने दगावली. पुढे तो पुलांचा अभियंता झाला. १९५८ साली स्टॉकहोमच्या हवामानशास्त्र विभागाला गणकयंत्रासाठी माणूस हवा आहे अशी जाहिरात त्याने वाचली, आणि त्या कामाचा काडीचाही अनुभव नसताना अर्ज केला. नोकरी मिळाली, आणि पुलांचा अभियंता वातावरणाचा रसायनशास्त्रज्ञ झाला. ओझोनच्या थरावरील कामासाठी १९९५ साली त्याला मोलिना आणि रोलंड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ च्या जानेवारीत तो वारला. त्याच्या चरित्रातली मोठी कामे पुष्कळ आहेत. माझ्या मनात मात्र घर केले ते घरी परतताना धूर पाहून थांबलेल्या क्रुट्झनने.

त्या काळी जंगले जळण्याची चर्चा होत नव्हती असे नाही. पण ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडपुरती चाले. क्रुट्झनच्या नमुन्यांत त्या वायूच्या जोडीला इतर अनेक वायू निघाले: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, नायट्रोजनची ऑक्साइडे, मिथिल क्लोराइड, कार्बोनिल सल्फाइड. हवेत यांचे प्रमाण इतके थोडे असते, की त्यांना लेशवायू म्हणावे. पण लेश आहे म्हणून दुर्लक्ष करावे अशी ही मंडळी नव्हेत. मिथेन उष्णता धरून ठेवतो. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कार्बन मोनॉक्साइड उन्हात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांना आणि पिकांना बाधतो. हवेतला केर साफ करणारा हायड्रॉक्सिल नावाचा एक अल्पायुषी कण असतो. कार्बन मोनॉक्साइड त्यालाच खाऊन टाकतो.

१९७९ च्या नोव्हेंबरात 'नेचर' या नियतकालिकात क्रुट्झन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हवा बिघडवतात ते कारखाने आणि मोटारी, आणि उष्ण कटिबंधातील खेड्यांची हवा तेवढी निर्मळ, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. तिथे दरसाल गवताळ माळ जळतात, जंगल तोडून जाळले जाते, शेतातला कडबा आणि चुलीतली लाकडे जळतात. या सर्वांचा धूर एकत्र केला तर तो कारखान्यांच्या धुराच्या पंक्तीला बसू शकेल.

वाचता वाचता मी थबकलो. देवळातल्या व्याख्यात्याचे बोलणे इथूनच निघाले होते तर! पण क्रुट्झनच्या निबंधात आणि त्या व्याख्यानात एक फरक होता. क्रुट्झनने आपले आकडे अंदाजाचे आहेत हे मान्य केले होते, आणि अंदाज मोजून पाहण्यासाठी तो लगेच कामाला लागला होता.

* * *

मोजायचे कसे? इथे विमान आले.

आगीजवळ उभे राहून धूर मोजणे धोक्याचे, आणि शिवाय अपुरे. मोठी आग आपला धूर घेऊन सरळ आकाशात चढते. जमिनीवरच्या माणसाच्या हाती त्याची फक्त कड लागते. म्हणून विमान धुराच्या लोटात घालायचे. आधी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, स्वच्छ हवेत एक फेरी मारून मूळची हवा कशी आहे ते पाहायचे. मग लोट आडवा कापायचा. मग अधिक उंचीवर, मग आणखी दूर. लोट अरुंद असला तर विमान तो काही सेकंदांत पार करते. तेवढ्यात आतल्या माणसाने पोलादी डब्याची झडप उघडायची. डब्यातली हवा आधीच काढून घेतलेली असते, त्यामुळे बाहेरचा धूर आपसूक आत ओढला जातो. तापलेल्या हवेत विमानाला हिसके बसतात, खिडकीबाहेर काही दिसेनासे होते, आणि सगळ्या विमानात जळक्या गवताचा वास भरतो.

पण डबा भरला म्हणजे काम झाले असे नाही. मूळ अडचण अशी, की धूर वर जाता जाता स्वच्छ हवेत मिसळून पातळ होतो. या डब्यात दाट धूर, त्या डब्यात विरळ. मग आगीतून नेमके किती निघाले हे कसे सांगणार?

ही युक्ती वाचून मला आमच्या आईचे ताक आठवले. अवचित चार पाहुणे आले की ती मठ्ठ्यात तांब्याभर पाणी ओती. ताक पातळ होई. पण मीठ आणि जिरे यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण काही बदलत नसे. शास्त्रज्ञांनी तेच केले. स्वच्छ हवेपेक्षा डब्यात कार्बन डायऑक्साइड किती अधिक आहे ते पाहायचे, आणि मिथेन किती अधिक आहे तेही पाहायचे. मग एकाला दुसऱ्याने भागायचे. धुरात कितीही हवा मिसळो, भागाकार तोच राहतो.

दुसरी युक्ती जमाखर्चाची. वाळलेल्या गवताचा किंवा लाकडाचा जवळजवळ अर्धा भाग कार्बन असतो. जे जळले त्यातला कार्बन कुठे तरी गेलाच पाहिजे: बहुतेक कार्बन डायऑक्साइडमध्ये, काही मोनॉक्साइडमध्ये, थोडा मिथेनमध्ये, थोडा काजळीत आणि इतर वायूंत. त्या सर्वांची बेरीज केली म्हणजे जमेची बाजू आणि खर्चाची बाजू जुळवता येते, आणि एक किलो गवत जळाले तर कोणता वायू किती ग्रॅम निघतो हे सांगता येते. आगीचे वजन न करता!

* * *

१९७९ आणि १९८० साली क्रुट्झनच्या संशोधन केंद्राची मंडळी ब्राझीलमध्ये गेली. कोरड्या ऋतूत तिथे माळ आणि जंगले जाळतात. पोर्तुगीज भाषेत त्या जाळण्याला 'केइमादा' म्हणतात. कारखान्यांपासून शेकडो मैल दूर असलेल्या त्या प्रदेशावर विमानांना कार्बन मोनॉक्साइड आणि ओझोन यांचे जे प्रमाण आढळले, ते औद्योगिक देशांतल्या मळक्या हवेची आठवण करून देणारे होते. १९८१ च्या नोव्हेंबरात 'कोलंबिया' या अंतराळयानातील एका उपकरणाने वरून कार्बन मोनॉक्साइड मोजला, तेव्हा तो उष्ण कटिबंधावरही भरपूर दिसला. अंदाज खरा ठरत होता.

१९८५ साली 'नासा' या अमेरिकन संस्थेचे इलेक्ट्रा विमान ॲमेझॉनच्या जंगलावर उडाले. तिथे धुराचे पातळ, आडवे थर आकाशात तरंगत असलेले आढळले. ते ज्या आगींतून निघाले होते, त्या आगी कित्येक मैल मागे राहिल्या होत्या. अटलांटिक महासागराच्या दक्षिण भागावर, जिथे जाळायला गवताची काडी नाही, तिथे उपग्रहांना ओझोन दिसे; त्याचे कोडे सोडवण्यासाठी १९९२ साली दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी मोहीम निघाली. ब्राझील, आफ्रिका आणि मधला समुद्र यांवर नासाचे डीसी-८ विमान फिरले, आणि दक्षिण आफ्रिकेत जमिनीवर आणि आकाशात मोठा ताफा उतरला. कोडे सुटले: दोन्ही खंडांतल्या वणव्यांचा धूर समुद्रावर जमत होता.

त्या आफ्रिकेच्या मोहिमेत धुराच्या लोटांत शिरलेल्या विमानांपैकी एक डीसी-३ होते. डीसी-३ म्हणजे आपल्या ओळखीचे डाकोटा! १९४७ साली ज्या जातीच्या विमानांनी आपले जवान श्रीनगरला उतरवले, त्याच जातीचे म्हातारे विमान पंचेचाळीस वर्षांनी गवताच्या धुरात शिरून वायूंचा हिशेब गोळा करीत होते. हे वाचून मला उगाच आनंद झाला.

पुढे डब्यांच्या जोडीला दुसरे साधन आले. नळीत धूर ओढून घ्यायचा, आणि तिच्यातून अवरक्त किरण आरशांमध्ये पुनःपुन्हा फिरवून सोडायचा. प्रत्येक वायू त्या किरणाचा आपापला ठरलेला भाग गिळतो. काय गिळले गेले ते पाहून कोण कोण हजर आहे आणि किती, हे विमानातल्या विमानात कळते. ७ सप्टेंबर २००० रोजी दक्षिण आफ्रिकेत टिंबावाटी येथे मुद्दाम लावलेल्या एका वणव्याच्या धुराचा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॉन्व्हेअर विमानाने असा पाठलाग केला. लोट आगीपासून दूर जात होता, आणि तासाभराच्या आत त्यात नवा ओझोन तयार होताना दिसत होता. धूर निघाला म्हणजे गोष्ट संपली असे नाही; तो वाटेत शिजत असतो.

* * *

ही सगळी विजयगाथा नव्हे. मला या हकिकतीत सर्वांत आवडला तो चुकांचा भाग.

नायट्रस ऑक्साइड हा वायू पहिल्या नमुन्यांत बराच निघाला होता. हा वायू ओझोनचा थर झिजवतो आणि उष्णताही धरतो, त्यामुळे आकडा गंभीर होता. १९८८ साली ज्वलनाच्या वायूंवर काम करणाऱ्यांच्या ध्यानात आले, की नमुन्याच्या डब्यात ओलावा आणि इतर वायू असले, तर तो डबा ठेवल्या ठेवल्याच त्यात नायट्रस ऑक्साइड तयार होतो. म्हणजे आगीने न केलेला गुन्हा डब्याने तिच्या नावावर लिहिला होता! त्यानंतर जुने आकडे पुन्हा तपासावे लागले, आणि आगीच्या नावावरचा नायट्रस ऑक्साइड पुष्कळ कमी झाला.

दुसरी चूक विमानाचीच. आगीचे दोन स्वभाव असतात. ज्वाळा असतात तेव्हा जळण पुरे जळते: कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. ज्वाळा विझून ओंडके धुमसू लागले की कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि अमोनिया वाढतात. ज्वाळांचा धूर तापलेला, म्हणून तो उंच चढतो आणि विमानाला सापडतो. धुमसणारा धूर गार, आळशी. तो झाडाझुडपांत रेंगाळतो आणि विमानाला दिसतच नाही. केवळ आकाशातून पाहणारा आगीबद्दल चांगले मत करून घेतो, आणि केवळ जमिनीवर उभा असणारा वाईट. म्हणून जमिनीवर मनोरे उभारून, माणसे हिंडवून ती उणीव भरून काढावी लागली.

अशी वीस-बावीस वर्षांची मोजमापे आंद्रेए आणि मर्लेट या दोघांनी २००१ साली एका कोष्टकात मांडली. त्यातली गवताळ रानाची ओळ मी वहीत उतरून घेतली. एक किलो वाळले गवत जळाले की सुमारे १,६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोभर गवतातून दीड किलोहून अधिक वायू कसा, असे कोणी विचारील. हवेतला प्राणवायू त्यात येऊन मिळतो, म्हणून. कार्बन मोनॉक्साइड सुमारे ६५ ग्रॅम, मिथेन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, आणि नायट्रस ऑक्साइड एक पंचमांश ग्रॅम. उष्ण कटिबंधातील दाट जंगल जळाले तर तोच मिथेन पावणेसात ग्रॅमवर जातो, कारण ओंडके धुमसत राहतात.

ही दोन-चार ग्रॅमची क्षुल्लक भासणारी बाब जगाच्या एका टोकाला काही माणसांच्या पोटापाण्याचा आधार झाली. ती गोष्ट ऑस्ट्रेलियाची.

त्या देशाच्या उत्तरेस आर्नेम लँड नावाचा खडकाळ, गवताळ मुलूख आहे. तिथले आदिवासी हजारो वर्षे पावसाळा संपता संपता, गवत अजून ओलसर असताना, थोडे थोडे रान पेटवीत आले. अशी आग मंद असते. ती ठिकठिकाणी आपोआप विझते आणि मागे जळल्या-न जळल्या रानाची चौकटी ठेवते. पुढे उन्हाळ्याच्या अखेरीस मोठा वणवा आला तरी त्याला पसरायला सलग गवत मिळत नाही. विसाव्या शतकात ही माणसे मिशनांत आणि वस्त्यांत गेली, रान ओस पडले, आणि वर्षाच्या अखेरीचे भयंकर वणवे हजारो चौरस मैल खाऊ लागले. बर्दयाल नाजामेरेक नावाचा तिथला एक वृद्ध चित्रकार सांगत राहिला, की माणसांनी आपल्या मुलुखात परत गेले पाहिजे आणि पूर्वीसारखी आग लावली पाहिजे. वणवे आवरण्यासाठी आग लावा, हे शहरी कानांना चमत्कारिक वाटणारच.

१९९१ आणि १९९२ च्या कोरड्या ऋतूंत संशोधकांची विमाने त्या उत्तरेकडच्या वणव्यांच्या धुरातून फिरली, आणि तिथल्या गवताच्या धुरात काय काय असते त्याचे आकडे हाती आले. मग हिशेब मांडता येऊ लागला. गवत जळून गेलेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसात उगवणारे गवत परत ओढून घेते. म्हणून तो सोडून द्यायचा. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र गवत परत घेत नाही. अखेरच्या वणव्यांऐवजी सुरुवातीची मंद आग लावली, तर एकंदरीत जळण कमी जळते, आणि हे दोन वायू तेवढे कमी निघतात. २००६ साली सुमारे २८,००० चौरस किलोमीटर मुलुखासाठी करार झाला. डार्विन बंदरातील एका नैसर्गिक वायूच्या कारखान्याने, आपल्या धुराची भरपाई म्हणून, सतरा वर्षे दरसाल सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे, आणि आदिवासी वनरक्षकांनी जुन्या रीतीने रान सांभाळून दरसाल १ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे वायू वाचवायचे. वनरक्षकांनी ते काम केले. म्हाताऱ्यांची जी विद्या कोणाच्या खिजगणतीत नव्हती, तिला ग्रॅमचे आकडे मिळाल्यावर वेतन मिळू लागले.

* * *

आता आपल्याकडे येऊ. राबाची तक्रार काही आजची नाही. १८८५ साली मुंबई सरकारने ठाणे-कुलाबा भागातील जंगलांच्या प्रश्नावर आयोग नेमला, तेव्हा राबासाठी टहाळ तोडण्याचा हक्क हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. तेव्हा आक्षेप झाडांबद्दल होता, आता धुराबद्दल आहे.

आणि आपला धूर मोजलाच गेला नाही असेही नाही. १९९९ च्या आरंभी क्रुट्झन आणि आपले रामनाथन यांच्या पुढाकाराने हिंदी महासागरावर मोठी मोहीम झाली. मालदीवहून उडालेल्या विमानांना भारताच्या बाजूने समुद्रावर पसरलेला तपकिरी धुरकट थर आढळला. हा थर कोणाचा, चुलींचा की मोटारींचा, यावर पुष्कळ वाद झाला. त्याचा निवाडा करण्यासाठी पुढे हवेतली काजळी गोळा केली गेली ती मालदीवमध्ये आणि आपल्या सिंहगडावर! कोळसा आणि पेट्रोल कोट्यवधी वर्षे जमिनीत पडून असल्याने त्यांतला किरणोत्सारी कार्बन संपलेला असतो. ताज्या लाकडात, शेणात, गवतात तो असतो. त्यावरून २००९ साली निष्कर्ष निघाला, की मोजण्याच्या रीतीप्रमाणे निम्म्याच्या आसपासपासून दोन-तृतीयांशापर्यंत काजळी चुलींची आणि शेतातल्या आगींची आहे. हा आकडा आपल्या बाजूचा नाही; पण मोजलेला आहे, म्हणून तो डोळ्यांआड करता येत नाही. त्या काजळीचा पहिला त्रास समुद्राला होत नाही, चुलीपुढे बसणाऱ्या बाईला होतो.

गणेशोत्सवात मी पुन्हा गावी गेलो, ते वही घेऊनच. रात्री आरती झाल्यावर दादाला ओटीवर बसवले आणि हिशेब मांडला.

"समज दादा, तुझ्या दाढीवर शंभर किलो वाळलं गवत जळलं. त्यातला कार्बन डायऑक्साइड पुढच्या वर्षी तुझी झाडं आणि तुझं गवत परत घेईल, तो सोडला. उरला मिथेन, पाव किलोच्या आत. नायट्रस ऑक्साइड वीस ग्रॅम. मिथेनची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट धरतात, दुसऱ्याची सुमारे दोनशे पासष्ट पट. गुणाकार केला तर दोन्ही मिळून बारा किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे झाले."

"बारा किलो म्हणजे खूप की थोडं?"

"एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तुझा राब झाला पाच लिटर पेट्रोलचा. पण तुझ्या राबात शेण आहे, वर माती आहे, तो धुमसतो. म्हणून मिथेन जास्त धरायला हवा. दुप्पट धर. दहा लिटर."

दादा थोडा वेळ बोटांवर काही मोजत बसला. मग म्हणाला, "तू आणि तुझा पुतण्या मोटारीने आलात ना परवा? मुंबईहून इथपर्यंत किती लागलं?"

मी गप्प राहिलो. पुतण्याने आतून सांगून टाकले, "पंचवीस लिटर, काका. आणि जाताना पुन्हा पंचवीस."

ओटीवरची सगळी मंडळी हसली. दादा मात्र हसला नाही. "तसं नको," तो म्हणाला, "राबाचा धूर आहे तो आहेच. वहिनी तुझी दोन दिवस खोकत असते भाजावळीत, ते मी बघतो ना. ते तुझ्या बारा किलोंत नाही आलं." आणि मग जरा वेळाने, "धुमसतं तेव्हा जास्त वाईट निघतं म्हणालास ना?"

"हो. ओलं असलं, हवा कमी मिळाली, की जास्त."

"मग कवळ पुरती वाळू द्यायची आणि वरची माती कमी करायची. आणि निम्म्या दाढीत या वर्षी गादीवाफे करून, नुसतं कुजलेलं शेणखत घालून बघू. रोपं बरी आली तर आली." एवढे बोलून तो उठला, आणि समईत तेल घालायला आत गेला.

देवळातल्या त्या पाहुण्यांचा पत्ता मला ठाऊक नाही; असता तर हा अंक त्यांना पाठवला असता. त्यांच्या व्याख्यानाने दादा नुसता चिडला होता. आकडे पुढे ठेवल्यावर त्याने आपल्या दाढीचा विचार आपणच केला, आणि मला माझ्या मोटारीचा करायला लावला. दिवाळीसाठी गावी जायची तिकिटे आम्ही या वेळी रेल्वेची काढली आहेत.